गर्भजन्य अर्बुदें : शस्त्राचा अधिकार किती?

चाकणच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या एखाद्या तरुणाची पत्नी, समजा, तीन महिन्यांची गरोदर आहे. वांत्या नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक होतात, पोट महिन्यांच्या मानानें मोठें दिसतें आणि मधूनमधून काळसर रक्त जातें. शेजारच्या बाया 'जुळीं असतील' असें म्हणून समाधान करतात. अखेर सोनोग्राफी होते. पडद्यावर मूल दिसत नाहीं. बर्फाचा चुरा पसरावा तसा ठिपक्याठिपक्यांचा पसारा मात्र दिसतो. डॉक्टर 'द्राक्षगर्भ' हा शब्द उच्चारतात, आणि घरांतील वडीलधारीं माणसें दोनच प्रश्न विचारतात. हा कर्करोग आहे काय? आणि पिशवी काढून टाकली म्हणजे सुटका होईल काय?

दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. पहिल्याचें उत्तर बहुधा 'नाहीं' असें येतें. दुसऱ्याचें उत्तर देण्यासाठीं ह्या विकाराचा स्वभाव आणि त्यावरील उपचारांचा इतिहास थोडा समजून घ्यावा लागतो. कारण गेल्या सत्तर वर्षांत येथें शस्त्राचा अधिकार जितका बदलला आहे, तितका तो वैद्यकाच्या फार थोड्या शाखांत बदलला असेल.

गर्भ राहिल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या पेशींचे दोन तट पडतात. एकापासून मूल घडतें आणि दुसऱ्यापासून वार. वारेच्या पेशींचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. मुलासाठीं रक्त मिळवावयाचें म्हणून त्या मातेच्या गर्भाशयाच्या भिंतींत शिरतात, तेथील रक्तवाहिन्या पोखरतात आणि प्रत्यक्ष तिच्या रक्तप्रवाहाशीं संबंध जोडतात. एखाद्या दुष्ट अर्बुदानें करावें तेंच हें काम. परंतु निरोगी गरोदरपणांत तें ठराविक हद्दीपर्यंत जाऊन थांबतें. ही हद्द ओलांडली गेली, कीं गर्भजन्य अर्बुद निर्माण होतें. द्राक्षगर्भ हें त्याचें सौम्य रूप. तो गर्भाशयाच्या स्नायूंत खोल शिरला म्हणजे त्याला आक्रमक द्राक्षगर्भ म्हणतात, आणि कोरिओकार्सिनोमा हें त्याचें उघड घातक रूप. हें शेवटचें रूप केवळ द्राक्षगर्भानंतरच नव्हे, तर साध्या गर्भपातानंतर किंवा अगदीं सुखरूप बाळंतपणानंतरहि उद्भवूं शकतें.

पूर्ण द्राक्षगर्भांत मूल मुळींच नसतें. 1977 सालीं काजी आणि ओहामा ह्या जपानी संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, अशा गर्भांतील सर्व गुणसूत्रें पित्याकडून आलेलीं असतात. मातेच्या बीजाचा गाभाच हरवलेला असतो. मूल न होण्याचा किंवा गर्भ बिघडण्याचा सगळा दोष सुनेच्या पदरीं टाकणाऱ्या घरांनीं ही गोष्ट ऐकून ठेवण्याजोगी आहे. अर्थात् ह्यावरून तो दोष पतीच्या माथीं मारावा असेंहि नव्हे. निसर्गाची ही एक चूक आहे आणि ती कोणाच्या वागण्यानें होत नाहीं. अपूर्ण द्राक्षगर्भ निराळा. त्यांत मातेचा एक आणि पित्याचे दोन असे गुणसूत्रांचे तीन संच असतात, गर्भाचा कांहीं अंशहि असतो, आणि पुढें दुष्टपणा येण्याचा संभव फारच कमी असतो. पूर्ण द्राक्षगर्भानंतर मात्र शंभरांपैकीं पंधरा ते वीस स्त्रियांना पुढील उपचार लागतात.

विकार नवा नाहीं. चरकसंहितेंत 'रक्तगुल्म' म्हणून जो केवळ स्त्रियांना होणारा विकार सांगितला आहे, त्यांत गरोदरपणाचीं लक्षणें दिसतात. पण पोटांत हातपाय हलत नाहींत, गोळाच सबंध हलतो, असें वर्णन आहे. त्याची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावर करावी असा दंडकहि तेथें आहे. गर्भ आहे कीं गोळा आहे ह्याची खात्री करून घेण्याचें दुसरें साधन त्या काळीं नव्हतें, हें लक्षांत घेतां त्या सावधगिरीचें कौतुकच वाटतें. युरोपांतील कथा अधिक रंगतदार आहे. हॉलंडांतील हेनेबर्ग घराण्याच्या एका सरदारपत्नीनें 1276 सालीं एकाच वेळीं 365 मुलांना जन्म दिला, अशी आख्यायिका तिकडे शतकानुशतकें सांगितली गेली. द्राक्षांच्या घडासारखे तें पाण्यानें भरलेले फोड असावेत, हें आतां कोणालाहि ओळखतां येईल.

1895 सालीं मार्शां ह्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानें हीं अर्बुदें वारेच्या पेशींपासून निघतात असें सिद्ध केलें. त्यानंतर साठ वर्षें उपाय एकच होता, तो म्हणजे शस्त्र. कोरिओकार्सिनोमाचें निदान झालें कीं गर्भाशय काढावयाचें. तें काढतांना रोग गर्भाशयापुरताच आहे असें वाटत असलें, तरीहि दहांपैकीं सुमारें चारच स्त्रिया वांचत. रोग फुप्फुसांत पोंचलेला असला, तर पांचांत एखादीच. शस्त्रक्रिया चांगली होई, टांके सुकत, रुग्णा घरीं जाई, आणि कांहीं महिन्यांनीं खोकल्यांतून रक्त पडूं लागे. कारण उघड होतें. ज्या पेशींचा जन्मजात धर्मच रक्तवाहिन्यांत शिरण्याचा, त्या शस्त्रवैद्य येईपर्यंत एका जागीं कशा थांबणार? सुरी पोंचे तों घर जळत असे, पण ठिणग्या वाऱ्यावर गेलेल्या असत.

हें चित्र पालटलें तें एका औषधामुळें, आणि त्याच्या निर्मितीशीं एका भारतीयाचें नांव निगडित आहे. आंध्रांतील भीमावरम येथें 1895 सालीं जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेंत लेडर्ले प्रयोगशाळेंत संशोधनप्रमुख होते. फॉलिक ॲसिड ह्या जीवनसत्त्वाच्या कार्याला अडथळा आणणारीं जीं द्रव्यें त्यांच्या मार्गदर्शनाखालीं तयार झालीं, त्यांतच मेथोट्रेक्झेट हें औषध आहे. सुब्बाराव 1948 सालीं वारले. आपल्या औषधाचा हा पराक्रम त्यांना पाहावयास मिळाला नाहीं. 1956 सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनीं कोरिओकार्सिनोमानें मरणोन्मुख झालेल्या स्त्रियांना मेथोट्रेक्झेट दिलें, आणि फुप्फुसांतील गांठी विरून गेल्या. घन अर्बुद केवळ औषधानें पूर्ण बरें झाल्याचें जगांतील हें पहिलें उदाहरण समजलें जातें.

ह्या प्रसंगांतील एक उपकथा सांगण्यासारखी आहे. वारेच्या पेशी एच.सी.जी. नांवाचें एक द्रव्य रक्तांत सोडतात; गरोदरपणाची चाचणी होते ती ह्याच द्रव्यावरून. क्ष-किरण चित्र स्वच्छ झालें, रुग्णा हिंडूंफिरूं लागली, तरी मूत्रांत हें द्रव्य सांपडत असेल तर रोग संपलेला नाहीं, असें ली यांचें म्हणणें होतें. म्हणून तें पूर्ण नाहींसें होईपर्यंत ते औषध देत राहिले. बऱ्या दिसणाऱ्या बाईला विषारी औषध देणें त्यांच्या वरिष्ठांना मान्य झालें नाहीं, आणि ली यांना ती संस्था सोडावी लागली. पुढें दिसून आलें कीं, ज्यांना औषध लवकर थांबविलें त्यांचा रोग उलटला आणि ली यांच्या रुग्णा जगल्या. 1972 सालीं त्यांना लास्कर पारितोषिकांत वाटा मिळाला. डोळ्यांना दिसणाऱ्या गांठीपेक्षां रक्तांतील आंकडा अधिक खरा मानावा, हें ह्या विकाराच्या उपचारांतील मुख्य सूत्र तेव्हांपासून ठरून गेलें.

दुसऱ्या औषधाचा धागा पिंपरीच्या जवळून जातो. ॲक्टिनोमायसिन हें द्रव्य सेल्मन वॅक्समन आणि बॉइड वुडरफ यांनीं 1940 सालीं मातींतील स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या सूक्ष्म जीवांपासून वेगळें केलें. जंतुनाशक म्हणून तें फारच विषारी ठरलें. परंतु त्याचाच एक प्रकार मेथोट्रेक्झेटला दाद न देणाऱ्या गर्भजन्य अर्बुदांवर उपयोगी पडला. वॅक्समन यांच्याच प्रयोगशाळेंत त्याच जातीच्या जीवांपासून स्ट्रेप्टोमायसिन निघालें. 1954 सालीं स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यानें पेनिसिलिनच्या पाठोपाठ हें स्ट्रेप्टोमायसिनहि मोठमोठ्या टांक्यांत तयार केलें, आणि तें क्षयरोग्यांना मिळूं लागलें. मोटारगाड्यांच्या आधीं पिंपरीचें नांव देशभर झालें तें ह्या औषधांनीं.

मग आतां शस्त्राला कांहीं काम उरलें आहे काय? उरलें आहे, आणि तें महत्त्वाचें आहे. फक्त तें पूर्वीचें नाहीं.

पहिलें काम गर्भाशय रिकामें करण्याचें. द्राक्षगर्भ चोषणयंत्रानें ओढून काढतात. पूर्वीं धातूच्या चमच्यानें खरवडीत; द्राक्षगर्भानें फुगलेलें गर्भाशय लोण्यासारखें मऊ असतें, त्यामुळें तें फाटण्याचा धोका असे. कळा आणून द्राक्षगर्भ पाडण्याचा प्रयत्नहि आतां शक्यतों करीत नाहींत, कारण गर्भाशय आवळल्यानें त्यांतील पेशी शिरांत ढकलल्या जाण्याची भीति असते. चोषण शक्यतों सोनोग्राफीच्या देखरेखीखालीं, रक्ताच्या बाटल्या हाताशीं ठेवून आणि अनुभवी हातांनींच व्हावें. भूल देण्यापूर्वीं गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीची तपासणी करावी लागते, कारण एच.सी.जी. अतोनात वाढलें म्हणजे तें ह्या ग्रंथीला चेतवितें, आणि तशा अवस्थेंत भूल देणें जिवावर बेतूं शकतें. रुग्णेचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असल्यास त्यासंबंधींचें इंजेक्शन विसरूं नये. काढलेला सर्व अंश विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठविला पाहिजे. लहानसहान शुश्रूषागृहांत, 'साधा गर्भपात तर आहे' म्हणून, तो फेंकून दिला जातो. निदान हुकण्याचें एक मोठें कारण तें हेंच आहे.

ह्याच वेळीं अंडकोशांवर नारळाएवढ्या पाण्याच्या गांठी दिसूं शकतात. त्या पाहून नवखा शस्त्रवैद्य घाबरतो आणि घरचीं माणसें तर त्याहून. परंतु त्या एच.सी.जी.च्या उत्तेजनानें झालेल्या असतात आणि तें उतरलें कीं दोनचार महिन्यांत आपोआप बसतात. गांठीला पीळ पडला किंवा ती फुटून रक्तस्राव झाला, तरच पोट उघडावें. एरव्हीं तेथें हात न लावणें हेंच कौशल्य. विशी-पंचविशींतील मुलीचे अंडकोश अशा गैरसमजानें गेले, तर तें नुकसान कशानेंहि भरून येत नाहीं.

गर्भाशय रिकामें झाल्यावर दर आठवड्याला रक्तांतील एच.सी.जी. मोजतात. तें उतरत उतरत शून्याच्या घरांत आलें, तर प्रश्न मिटला. तें तीन आठवड्यांत हलेचना, किंवा दोन आठवडे लागोपाठ चढत गेलें, तर अर्बुद मागें राहिलें असें समजावयाचें. रोग गर्भाशयापुरताच असेल, तर अशा वेळीं दुसऱ्यांदा गर्भाशय साफ करणें उपयोगी पडतें काय, ह्याची एक पाहणी अमेरिकेंत होऊन 2016 सालीं प्रसिद्ध झाली. साठ स्त्रियांपैकीं चोवीस स्त्रिया केवळ दुसऱ्या सफाईनें बऱ्या झाल्या. त्यांना औषधाची गरज पडली नाहीं. म्हणजे निवडक रुग्णांत शस्त्र औषधाचें काम वांचवूं शकतें. उरलेल्यांच्या बाबतींत रुग्णेचें वय, मागील गर्भधारणेपासूनचा काळ, एच.सी.जी.चा आंकडा, गांठींचा आकार, संख्या आणि ठिकाण अशा गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात. बेरीज सहापर्यंत असेल तर धोका कमी. मेथोट्रेक्झेट किंवा ॲक्टिनोमायसिन ह्यांपैकीं एका औषधापासून आरंभ होतो, आणि तें पुरलें नाहीं तर पुढचीं औषधें असतातच. अशा स्त्रिया जवळजवळ सर्व बऱ्या होतात. सात किंवा अधिक असेल तर पांच औषधांचा मिश्र उपचार करावा लागतो. तोहि जाणत्या केंद्रांत दहांपैकीं नऊंच्या आसपास रुग्णांना वांचवितो. शरीरभर पसरलेल्या दुष्ट अर्बुदांत असें यश क्वचितच पाहावयास मिळतें.

आतां पिशवी काढण्याचा मूळ प्रश्न. आपल्याकडे ह्या शस्त्रक्रियेबद्दल एक प्रकारची निष्काळजी सवय पडून गेली आहे. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या प्रमाणावर काढलीं जात असल्याचें उघड झाल्यावर 2019 सालीं राज्य शासनानें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. ब्याऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणींत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पोटासाठीं आलेलीं कितीतरी कुटुंबें ह्याच मराठवाड्यांतील आहेत. 'पिशवी काढली कीं कटकट मिटली' ही समजूत त्यांच्याबरोबर शहरांत येते, आणि शहरांतहि तिला दुजोरा देणारे भेटतात.

द्राक्षगर्भाच्या बाबतींत ही समजूत दुहेरी फसवी आहे. ज्या तरुण स्त्रीला अजून मूल हवें आहे, तिचें गर्भाशय काढण्याचें कारणच बहुधा नसतें; औषधानें ती बरी होते आणि पुढें तिला निरोगी मुलेंहि होतात. चाळिशी उलटलेल्या, मुलेंबाळें असलेल्या स्त्रीच्या बाबतींत मात्र शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो, कारण वाढत्या वयांत रोग उलटण्याचा संभव अधिक असतो आणि गर्भाशय गेल्यानें तो बराच कमी होतो. कमी होतो, नाहींसा होत नाहीं. शंभरांत तीन ते पांच स्त्रियांत शरीरांत इतरत्र गेलेल्या पेशी तरीहि डोकें वर काढतात. तेव्हां पिशवी काढलेल्या स्त्रीनेंहि रक्ततपासणी चुकवूं नये. पण 'पिशवीच नाहीं तर तपासणी कसली' असें म्हणून ती नेमकी तेव्हांच थांबते.

गर्भाशय काढणें हाच मुख्य उपचार ठरेल असा एक प्रकारहि आहे. वार जेथें चिकटते त्या जागेवरील पेशींचें हें दुर्मिळ अर्बुद बाळंतपणानंतर महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, वाढूं लागतें. तें एच.सी.जी. फार थोडें सोडतें आणि औषधांना फारशी दाद देत नाहीं. येथें शस्त्राचा जुना अधिकार अजून अबाधित आहे. अर्बुद गर्भाशयाची भिंत फोडून पोटांत रक्त सांडूं लागलें, तर तेव्हांहि शस्त्रवैद्याला वाट पाहतां येत नाहीं. मात्र रक्तस्राव आंतूनच होत असेल, तर गर्भाशयाकडे जाणारी रोहिणी क्ष-किरणांच्या मदतीनें आंतून बंद करून पिशवी वांचविणें आतां मोठ्या रुग्णालयांत शक्य झालें आहे.

रोग दूर गेला असतां काय करावें, ह्याचे नियम थोडे उफराटे वाटतात. योनिमार्गांत निळसर गांठ दिसली, तर तिचा तुकडा परीक्षेसाठीं घ्यावा असें कोणाच्याहि मनांत येईल. तो घेऊं नये. ह्या गांठी रक्तानें तुडुंब भरलेल्या असतात आणि एका छेदानें आवरतां न येणारा स्राव सुरू होतो. निदान करावयास येथें तुकडा लागतच नाहीं, आंकडा पुरतो. मेंदूंतील गांठींत रक्तस्राव होऊन दाब वाढला, तर कवटी उघडून जीव वांचवावा लागतो, आणि मग औषध सुरू होतें. फुप्फुसांतील गांठी बहुतेक औषधानेंच जातात. पण सर्व औषधें देऊनहि एकच गांठ हट्टानें उरली, गर्भाशय आणि इतर अवयव स्वच्छ असले आणि एच.सी.जी. थोडें असलें, तर तेवढा भाग कापून काढल्यानें पुष्कळ स्त्रिया कायमच्या बऱ्या होतात. पूर्वीं शस्त्र आघाडीवर असे. आतां तें औषधानें जिंकलेल्या मुलखांतील शेवटचा बुरूज पाडावयास येतें.

फुप्फुसांतील ह्या सावल्यांनीं आपल्या देशांत एक निराळाच घोटाळा होतो. तरुण बाई, वजन उतरलेलें, खोकल्यांतून रक्त, चित्रांत डाग. कोणीहि क्षय म्हणेल. क्षय इतका घरोघरचा आहे कीं दुसरी शंका मनांत येत नाहीं. परंतु तिला वर्षभरांत गर्भपात किंवा बाळंतपण झालें होतें काय, आणि तेव्हांपासून अंगावरून रक्त जातें काय, एवढे दोन प्रश्न विचारून गरोदरपणाची साधी चाचणी करून पाहिली, तर कित्येक महिने वांचतात. ह्या विकारांत महिन्यांना किती किंमत आहे, हें गुणांच्या वरील बेरजेवरूनच दिसतें.

पिंपरी-चिंचवडच्या परिसरांतील कुटुंबांना साधनांची उणीव आहे असें म्हणतां येणार नाहीं. संत तुकारामनगरांत महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे, विमाधारक कामगारांसाठीं चिंचवडला मोहननगरांत राज्य कामगार विमा रुग्णालय आहे, पुण्यांत 1867 सालापासून चालत आलेलें ससून आहे, आणि अवघड रोग्यांसाठीं मुंबईंत 1941 सालीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय आहे. मेथोट्रेक्झेट हें महाग औषध नव्हे. संधिवातासाठीं तें हजारों घरांत घेतलें जातें. खरी अडचण निराळीच आहे. गर्भाशय साफ झाल्यावर मुलीला 'विश्रांतीसाठीं' माहेरीं पाठवितात. माहेर तीनशें कोसांवर, कधीं दुसऱ्या प्रांतांत. कंत्राट संपतें, नवरा दुसऱ्या कारखान्याला लागतो, खोली बदलते, आणि केसपेपर ट्रंकेंत राहतो. बाईला बरें वाटत असतें. बरें वाटणाऱ्या माणसाला दर आठवड्याला रक्त देण्यासाठीं दिवसाचा रोज बुडविणें पटत नाहीं. तिला पटवून देण्याचें काम रुग्णालयांतील कोणी परिचारिका, घरांतील कोणी शिकलेली जाऊ किंवा नणंद करूं शकते. गांवीं गेली तरी तालुक्याच्या ठिकाणीं तपासणी करून आंकडा कळविण्याची सोय तर आतां प्रत्येकाच्या हातांतील टेलिफोनमध्येंच आहे.

तपासणीच्या काळांत पुन्हां गरोदर राहूं नये, एवढें पथ्य मात्र कडकडीत पाळावें लागतें. कारण नवा गर्भहि तेंच द्रव्य सोडतो, आणि मग रोग उलटला कीं पाळणा हलणार, हें आंकड्यावरून ओळखतां येत नाहीं. ही मुदत साध्या द्राक्षगर्भानंतर कांहीं महिन्यांची आणि औषधोपचारानंतर साधारण वर्षाची असते. त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीनें गर्भधारणेस हरकत नाहीं. पुन्हां द्राक्षगर्भ होण्याचा संभव शंभरांत सुमारें एक. पुढच्या खेपेस लवकर सोनोग्राफी करावी, वार नेहमींसारखी दिसली नाहीं तर ती परीक्षेस पाठवावी, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनीं, बाळाला दाखवावयास रुग्णालयांत जाणें होईलच, तेव्हां आईच्या रक्ताचीहि एकदां तपासणी करून घ्यावी.